ऐकून बघायची खोली

माणसाला तोंड एक आणि कान दोन का दिले, याची उत्तरं थोरामोठ्यांनी पुष्कळ देऊन ठेवली आहेत. कमी बोलावं आणि जास्त ऐकावं म्हणून, असं शाळेत सांगतात. ते चूक आहे. दोन कान दिले ते डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी. स्पीकरचा शोध लागेपर्यंत मानवजातीने हे कान नुसते जपून ठेवले आणि मधल्या काळात त्यांचा उपयोग चष्मा अडकवायला व पोरांचे पिळायला केला. निसर्गाची दूरदृष्टी म्हणतात ती ही.

आता, वस्तू घेण्याआधी पारखून घ्यावी हा व्यवहार आहे. मडकं वाजवून घ्यावं, कलिंगडाला टिचकी मारावी, चप्पल पायात घालून दुकानात चार पावलं चालून बघावं. (नवरा तेवढा ऐकीव माहितीवर घेतात, तो विषय वेगळा.) मडक्याला एक टिचकी पुरते, स्पीकरला पुरत नाही. स्पीकर ऐकून बघावे लागतात, आणि ऐकून बघणं हा सवडीचा, जबाबदारीचा आणि मुख्यतः बसण्याचा उद्योग आहे. त्यासाठी चांगल्या दुकानात मागच्या बाजूला एक खास खोली असते. तिला वीतभर जाड दार असतं, भिंतींना फोम आणि वर कापड असतं, पाय रुतेल असा गालिचा असतो आणि मधोमध एक कोच असतो. कोचाची मधली जागा ही खरी जागा. तिथे बसलेल्याला गाणारी बाई थेट समोर उभी असल्यासारखी वाटते. डावीकडच्याला फक्त तिचा खांदा ऐकू येतो. उजव्या जागेवर बायकोला बसवतात.

खोलीत वागण्याचे संकेत कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडले की लगेच कळतं. खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवाव्यात. कुरकुरीत काही खाऊन येऊ नये. किंमत विचारू नये, कारण किंमत विचारणाऱ्याला खिसा असतो, कान नसतात. आणि 'छान वाजतंय' असं तर मेलं तरी म्हणू नये. जाणकाराने आधी डोळे मिटावेत, गाणं संपल्यावर लगेच उघडू नयेत, आणि मग लांबच्या प्रवासाहून परत आल्यासारखं म्हणावं, "खर्ज पोटापर्यंत येतोय. गुडघ्यात उतरत नाही." असं म्हटलं की दुसरे स्पीकर जोडतात. या क्षेत्रातली आकडेवारी बोलकी आहे: ऐकून बघायला येणाऱ्या शंभरांपैकी एक्क्याण्णव जण डोळे मिटतात, आठ जण मान डोलावतात, आणि उरलेला एक विकत घेतो. त्याला पुन्हा त्या दुकानात कुणी ओळख दाखवत नाही.

टिटवीच्या आईने या खोलीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती पदवीधर होती, पण पदवी संख्याशास्त्रातली होती.

टिटवी म्हणजे तिची मुलगी, वय महिने दहा. तिचं खरं नाव फार सुरेख होतं आणि ते ठरवायला आईबाबांना दोन पुस्तकं आणि तीन भांडणं लागली होती. पण आत्याने पहिल्याच आठवड्यात पोरीचा आवाज ऐकून "ही तर टिटवी गं!" म्हटलं आणि नाव पडलं ते पडलं. पुढे ती झोपेत टिटवीसारखेच पाय वर करते असं दिसून आल्यावर आत्याच्या द्रष्टेपणाबद्दल घरात एकमत झालं. अर्थात पाय वर करते ती झोपली तर. एरवी नुसती ओरडते.

ती झोपत नसे याला कारण होतं. घर वाईट नव्हतं. घरात सगळं होतं, आणि जे जे होतं ते ते वाजत होतं. दाराची बिजागरी करकरे. बेल कोकिळेच्या आवाजात ओरडे, आणि एकदा सुरू झाली की कोकिळेचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत थांबत नसे. कपडे धुण्याचं मशीन शेवटच्या फेरीला थरथरत जागेवरून निघे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. टिटवीचे बाबा फोनवर बोलताना, समोरचा माणूस जितका लांबच्या गावी तितका आवाज चढवत. सासूबाईंना ऐकायला उत्तम येई, पण मालिकेतल्या लोकांना एकमेकांचं नीट ऐकू जात नसावं अशा समजुतीने त्या टीव्हीचा आवाज मोठा ठेवत.

"बिजागरीत थोडं तेल घालाल का हो?" असं टिटवीच्या आईने बाळंतपणाहून आल्या आल्या विचारलं होतं. प्रस्तावाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. अंमलबजावणी रविवारी करायचं ठरलं. कोणत्या रविवारी, हे धोरण म्हणून मोघम ठेवण्यात आलं. टीव्हीबद्दल तिने एकदाच, तेही जिभेवर साखर ठेवून विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सवय लागू दे की पोरीला आवाजाची! आमची पोरं काय कापसात वाढली?" त्यांचा मुलगा तेव्हा बाल्कनीत फोनवर ओरडत होता. तो कापसात वाढला नव्हता हे सिद्धच झालं.

टिटवी जागी असली की आईला झोप नसे, हे कुणालाही समजेल. टिटवी झोपली तरी तिला झोप नसे, हे समजायला आईच व्हावं लागतं. पोर झोपलं की ती उठून त्याच्या नाकाखाली बोट धरी. श्वास लागला की परत येऊन आडवी होई. मग तो आत्ता लागला तो श्वास होता की पंख्याचा वारा, अशी शंका येई. मग पुन्हा उठे. चार हात अंतरावरून श्वास ऐकू आला असता तर उठावं लागलं नसतं, पण त्या घरात चार हातांवरून रोडरोलरसुद्धा ऐकू आला नसता. असा तिचा दोन पाळ्यांचा कारखाना होता, आणि दोन्ही पाळ्यांना कामगार एकच.

अशा परिस्थितीत घरात नवे स्पीकर आणायचे, असं टिटवीच्या बाबांनी ठरवलं. कारण संस्काराचं होतं. "मुलांच्या कानावर लहानपणापासून उत्तम संगीत पडायला हवं," ते म्हणाले. पोरीच्या कानावर आधीच काय काय पडतंय याची यादी आईच्या ओठांवर आली होती, पण तेवढ्यात मशीन उंबऱ्याशी येऊन थांबलं आणि तिला उठावं लागलं.

दुकानाच्या मालकांना सगळे कानसेन म्हणत. ते कुजबुजत बोलत. बाहेर रस्त्यावर भाजी घेतानाही कुजबुजत असं म्हणतात, त्यामुळे भाजी नेहमी भलतीच येई. खोलीत आधीपासून एक दंतवैद्य मधल्या जागेवर बसले होते. ते सहा वर्षांपासून एकच जोडी ऐकून बघत होते. घाई बरी नव्हे, असं त्यांचं मत होतं. नवं गिऱ्हाईक बघून ते मोठ्या मनाने डावीकडे सरकले, टिटवीचे बाबा मधे बसले, आणि आई टिटवीला घेऊन उजवीकडे.

कानसेनांनी टिटवीकडे, आग विझवणारा माणूस काडेपेटीकडे बघतो तसं बघितलं.

"ताई, बाळ गप्प राहील ना?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायलासुद्धा थोडी झोप झालेली लागते.

दार लागलं. करकर नाही, धाडकन नाही. नुसतं एक 'फुस्स' झालं आणि बाहेरचं जग बंद पडलं. टिटवीने परंपरेप्रमाणे छाती भरून श्वास घेतला आणि एक सणसणीत किंकाळी ठोकली. किंकाळी गेली, आणि भिंतीतून परत आलीच नाही. टिटवी चक्रावली. आजवर तिने पाठवलेली प्रत्येक किंकाळी चारी भिंतींना हात लावून, दुप्पट होऊन घरी येत असे. तिने दुसरी पाठवली. तीही फोममध्ये गडप. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दंतवैद्यांकडे जरा संशयाने पाहिलं, मग एक जांभई दिली आणि कुणी न थोपटता झोपली. पाय वर गेले.

आईने सवयीने बोट पुढे केलं, आणि ते मधेच थांबलं. ऐकू येत होतं. फू... फू... फू... स्वच्छ, एकसारखं. बोट न लावता. तिने पाठ टेकली. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग गाणं लागलं. ते अशा सगळ्या दुकानांत लागतं तेच, एका बाईचं संथ गाणं. ती कुठल्या भाषेत गाते हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यापाठोपाठ काच फुटल्याचा आवाज लागला. (घरी काच फुटली तर हाच आवाज फुकट मिळतो, पण त्याला खोली नसते.) आवाज बेताचा होता, टिटवी हलली नाही. पण श्वास ऐकू येईना, आणि आई ताठ बसली. तबकडी संपली. पुन्हा शांतता, पुन्हा फू... फू...

"छान वा..." टिटवीचे बाबा म्हणू लागले. दंतवैद्यांनी त्यांच्याकडे किडक्या दाढेकडे बघावं तसं बघितलं.

"ताई, तुम्हाला काय वाटलं?" कानसेनांनी रीत म्हणून विचारलं.

"गाण्याच्या आधी आणि काचेच्या नंतर जे होतं ना," ती अर्धवट झोपेत म्हणाली, "ते सगळ्यांत चांगलं होतं. तेच जरा वाढवता येईल का?"

मग दंतवैद्य हळूच उठून उभे राहिले.

"वहिनी शांतता ऐकतात," ते म्हणाले.

"बायकोला नेऊन बसवतात उजवीकडे," कानसेन कुजबुजले, "आणि कान असतात तिला! इतक्या वर्षांत मला एकही गिऱ्हाईक असं म्हणालं नाही. सगळे आवाजाबद्दल बोलतात हो. आवाज काय, कुणीही काढतो!"

टिटवीच्या बाबांनी आपल्या बायकोकडे, लग्नानंतर प्रथमच बघितल्यासारखं बघितलं आणि ते म्हणाले, "मग घेऊन टाकू का ही जोडी?"

"आज?" कानसेन दचकले. "पहिल्याच भेटीत? अहो, लोक काय म्हणतील! पुढच्या रविवारी या. तोवर कान निवू देत."

टिटवीच्या आईची झोप खाडकन उडाली, कारण तिला एक नियम सापडला होता. संख्याशास्त्रात पदवी घेऊनही इतका स्वच्छ नियम तिला कधी सापडला नव्हता: जोवर घेतलं नाही, तोवर खोली आपली.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी हे कुटुंब ऐकून बघायला जाऊ लागलं. प्रत्येक रविवारी टिटवीचे बाबा कुठल्यातरी जोडीवर लट्टू होत आणि प्रत्येक रविवारी टिटवीची आई तिच्यात खोट काढी. खोट काढायला भाषा लागते. तिच्यापाशी संगीताची भाषा नव्हती, मग जी होती ती तिने वापरली.

"खर्जाला जरा गॅस झालाय," ती म्हणे. "उभं धरून पाठीवर थोपटायला हवं."

कानसेन धावत जाऊन स्पीकर उभ्या स्टँडवर ठेवत.

"वरचे स्वर ओले आहेत. बदला."

वायर बदलली जाई.

"आणि या तार स्वराला दात येतायत असं वाटतंय मला."

"अगदी!" दंतवैद्य डोळे न उघडता म्हणत. "खालचे पुढचे दोन."

ही भाषा पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरात बाहेरच्या दालनात अनोळखी लोक एकमेकांना सांगताना ऐकू येऊ लागले की हा अ‍ॅम्प्लिफायर अजून रांगतो, तो पलीकडचा धरून उभा राहतो, पण चालणारा म्हणाल तर एकच, आणि तो परदेशात असतो. लांबलांबून जाणकार येऊन टिटवीच्या आईचं मत विचारू लागले. ती मत देण्याआधी बराच वेळ डोळे मिटून घेई. त्या वेळात ती काय करी, हे सांगायला नको.

पण झोप पुरी होऊ लागली तशी तिची नजर आणि कान दोन्ही पूर्ववत झाले, आणि एका रविवारी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कोणाच्याही श्वासावरून तो जागा आहे की झोपलाय हे तिला अंधारात कळे. ती विद्या तिने रात्री जागून कमावली होती. खोलीत फू-फू एक नव्हती, तीन होत्या. दंतवैद्य गाण्याच्या दुसऱ्या ओळीला झोपत. दिवसभर कानाशी ते दात कोरायचं यंत्र घेऊन उभा राहणारा माणूस, त्याने दुसरं करावं काय? आणि कानसेन तर उभ्याउभ्या, कपाटाला टेकून झोपत. गाणं संपलं की दोघं डोळे उघडत आणि दंतवैद्य म्हणत, "गहन आहे." तिने कुणाला सांगितलं नाही. झोपलेल्याला उठवू नये, हा तिचा या जगातला एकुलता एक धर्म होता.

टिटवीचं महत्त्वही यथावकाश मान्य झालं. काही वायरींवर तिचे पाय जास्त वर जातात, असं कानसेनांच्या निदर्शनास आलं. त्यांनी शाळकरी कोनमापक आणला. पंचेचाळीस अंश म्हणजे साधारण, साठ म्हणजे उत्तम, आणि नव्वद अंशांची वायर आगाऊ सांगून मागवावी लागेल, असं गिऱ्हाइकांना सांगण्यात येऊ लागलं. मागणी नव्वदलाच होती.

आणि मग एका शनिवारी जेवताना टिटवीचे बाबा म्हणाले, "उद्या घेऊनच टाकायचे. ती पहिली जोडी. आता विचार नाही."

टिटवीच्या आईच्या हातातला घास हातात राहिला.

"तिच्या खर्जाला गॅस..."

"असू दे गॅस. आपल्याला कुणाला नाही? अगं, किती दिवस नुसतं ऐकून बघायचं? माझ्या ऑफिसात हसतात मला."

"घे बाबा एकदाचे," सासूबाई टीव्हीच्या वरताण ओरडून म्हणाल्या. "दर रविवारी उठून दुकानात जाऊन बसतात. दुकान का माहेर आहे तिचं?"

होतं. पण हे असं जेवणाच्या टेबलावर कसं सांगणार? स्पीकर घरी येणार म्हणजे रविवार जाणार, फुस्स करून लागणारं दार जाणार, चार हातांवरून ऐकू येणारा श्वास जाणार, आणि वर घरात वाजणाऱ्या वस्तूंत दोन वस्तूंची भर. त्या रात्री तिचं बोट टिटवीच्या नाकाखालून हललं नाही.

रविवारी बाबांनी खोलीत ही बातमी फोडली तेव्हा दंतवैद्यांचा चेहरा उतरला. कानसेनांनी चष्मा काढून पुसला. दुकानात विक्री झाल्याला बराच काळ लोटला होता, आणि पावतीपुस्तक कुठे आहे हे त्यांना आठवेना.

"ताई," ते कुजबुजले, "तुमचं काय म्हणणं?"

ताईंना काहीही म्हणायचं नव्हतं. त्यांना फक्त आणखी एक रविवार हवा होता. बुडत्याला काडीचा आधार, तसं जे तोंडात आलं ते ती म्हणाली:

"पण... आमच्या घरी हे असेच वाजतील का?"

कानसेन एकदम ताठ झाले. पावतीपुस्तक शोधणारा त्यांचा हात खणातून बाहेर आला. "हा प्रश्न विचारायला लोकांना उभा जन्म लागतो," ते म्हणाले. "स्पीकर वाजत नसतो ताई. खोली वाजते. घर बघितल्याशिवाय मी जोडी देणार नाही. मुलगी देताना बघतो ना आपण घर?"

त्याच दिवशी दुपारी कानसेन आणि दंतवैद्य तपासणीला आले. दाराशी कोकिळा ओरडली. दोघं जागच्या जागी खिळले. कोकिळेचं म्हणणं पूर्ण झाल्यावर सासूबाईंनी दार उघडलं आणि बिजागरीने आपलं म्हणणं मांडलं. कानसेनांनी छातीवर हात ठेवला.

"हे काय वाजलं?"

"दार," सासूबाई म्हणाल्या.

"हे... रोज वाजतं?"

"उघडलं की वाजतं. नाही उघडलं तर कशाला वाजेल?"

दोघांनी चपला काढल्या, दर खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवल्या, भिंतींना कान लावले. मशीन चालू करून दाखवण्यात आलं. ते उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा दंतवैद्यांनी त्याला वाट करून दिली. शेवटी सगळे टीव्हीपुढे येऊन उभे राहिले.

"आजी," कानसेन कुजबुजले, "हा आवाज..."

"काय?"

"हा आवाज!"

"मोठ्याने बोला की जरा. माझे कान ठणठणीत आहेत, पण तुमचं तोंड बारीक आहे."

"आवाज कमी ठेवावा लागेल हो," कानसेन आयुष्यात पहिल्यांदा घसा ताणून म्हणाले. "स्पीकरला त्रास होतो."

"त्याला कसला त्रास? लाकडाचं खोकं ते!"

"नवीन असतो ना. पडदा कोवळा असतो त्याचा. अगदी नाजूक. पहिले काही महिने घरात शांतता नाही मिळाली, तर तो जन्माचा किरकिरा होतो. मग काही केल्या सुधारत नाही."

"अगंबाई!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मग आधी नाही का सांगायचं? आम्हाला मेलं कुठलं कळायला!" आणि त्यांनी टीव्ही बंद केला. मालिकेत तेव्हा लग्न मोडत होतं. ते मोडलं की नाही, हे त्या घराला कधीच कळलं नाही.

टिटवीची आई टिटवीला कडेवर घेऊन दारात उभी होती. टिटवी ओरडत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही; सगळे कोवळ्या पडद्याबद्दल बोलत होते.

तपासणी समितीने जागेवरच निष्कर्ष दिले आणि त्यावर, या घराच्या इतिहासात प्रथमच, त्याच दिवशी कार्यवाही झाली. बिजागऱ्यांत तेल घालण्यात आलं. (तेलाची बाटली बिजागरीच्याच वर, फळीवर होती. टिटवीच्या बाबांना हात वर करावा लागला.) कोकिळेची वायर काढण्यात आली, येणाऱ्याने बोटाच्या पेराने दारावर दोनदा, सौम्य टकटक करावी. मशीनखाली रबर. सगळ्या पायांत मऊ सपाता. फोन जिन्याखाली जाऊन, आणि तोही माणसासारखा. खिडक्यांना जाड पडदे. भांडी घासताना भांड्याला भांडं लागू नये. सासूबाईंना टीव्हीसाठी कानात घालायचं यंत्र कानसेनांनी दुकानातर्फे सप्रेम दिलं. मालिका आता थेट आपल्याच डोक्यात घडते म्हणून सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी बोलणंच सोडलं.

संध्याकाळपर्यंत घर गप्प झालं. टिटवीने सवयीने एक किंकाळी पाठवली. ती पडद्यात गेली आणि परत आली नाही. तिने दुसरी पाठवली नाही. तिने जांभई दिली, आणि पाय वर गेले, अंदाजे ऐंशी अंश. चार हातांवरून फू... फू... ऐकू येऊ लागलं.

पोरीसाठी जे वर्षभरात झालं नाही ते दोन खोक्यांसाठी दोन तासांत झालं, याचा टिटवीच्या आईला राग यायला हवा होता. तो येतही होता. पण राग काय, नंतरही येतो, म्हणून तिने त्याला थांबायला सांगितलं आणि आधी झोपून घेतलं.

खोली महिनाभर मुरू द्यावी लागते असं कानसेनांचं म्हणणं असल्यामुळे स्पीकर आले ते चादर घालून नुसते उभे राहिले. घरचे त्यांच्यापुढून चवड्यांवर चालत. शेजारीण कपभर साखर मागायला आली तर सासूबाई ओठांवर बोट ठेवून स्पीकरकडे मान करत आणि शेजारीण ओशाळून साखर न घेताच जाई.

महिना भरला. रविवारी दुपारी टिटवीच्या बाबांनी चादर काढली, खुर्ची मधोमध ठेवली आणि रिमोट हातात घेतला. टिटवी आत झोपली होती. टिटवीची आई उजवीकडे येऊन बसली. आता 'लावू नका' कुठल्या तोंडाने म्हणणार? घेतलेच होते वाजवायला.

"थांब," बाबाच म्हणाले. "आधी शांतता ऐकू दे. तू म्हणतेस ना, तशी." आणि त्यांनी जाणकारासारखे डोळे मिटले.

ती कान देऊन बसली. आतून एक फू-फू. सासूबाईंच्या खोलीतून दुसरी, थोडी जाड. आणि मग अगदी जवळून, हळूहळू लय धरत, तिसरी. या माणसाचीही वर्षभराची झोप राहिलेली होती, हे तिला तेव्हा कळलं. रिमोट त्यांच्या बोटांतून घसरला. तो जमिनीवर पडून आवाज होण्याआधीच तिने झेलला, सपातांनी चालत आत गेली आणि टिटवीच्या घडी केलेल्या लंगोटांच्या चळतीखाली ठेवून आली. तिथे त्यांचा हात आजवर कधी गेला नव्हता, पुढेही जाण्याचा संभव नव्हता.

ते दोन तासांनी जागे झाले.

"गहन आहे," मग ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दंतवैद्यांना फोन करून सांगितलं की असा आवाज आपण जन्मात ऐकला नाही. ते खरंच होतं. हल्ली दंतवैद्यही दर रविवारी स्पीकर ऐकून बघायला त्यांच्या घरी येतात. उशी आपली आपण आणतात.

तुम्ही हे हसत हसत वाचलंत, हे बरं झालं. पण जरा इकडेतिकडे बघा. तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर एका बैठकीत आलात. मधे बेल वाजली नाही, भांडं पडलं नाही, कुणी हाक मारली नाही, पोराने येऊन पान ओढलं नाही. घरं अशी आपोआप गप्प होत नसतात. कान द्या थोडे. बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी कुणालातरी कडेवर घेऊन फेऱ्या मारतंय, आणि तुम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात सांगतंय, "शूऽऽ. ते वाचतायत."